अण्णांची कानटोपी

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर विळी, अडकित्ता, आजोबांचं फाउंटन पेन आणि अण्णांचं सोल्डरिंग आयर्न मांडलं जायचं. या सगळ्यांच्या मधोमध तपकिरी चामड्याची एक टोपी. दोन्ही कानांवर वाटीएवढे काळे रबरी कप, हनुवटीखाली पट्टा, मागे लोंबणारी जाड वायर, वायरच्या टोकाला घंटेच्या आकाराचा प्लग आणि कपाळावर जाडजूड गॉगल. विळीला हळदकुंकू लागे तसं टोपीलाही लागे, आणि झेंडूचं फूल नेमकं गॉगलच्या दोन काचांमध्ये खोचलं जाई. घरात नव्या आलेल्या सुना पहिल्या वर्षी तोंडाला पदर लावून हसत. दुसऱ्या वर्षी त्याच टोपीवरची धूळ झटकत.

अण्णा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. ही वस्तू फ्लाइंग हेल्मेट म्हणून ओळखली जाते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, कारण अण्णा जन्मभर तिला कानटोपीच म्हणाले. "डोकं पायलटचं त्याच्यापाशी. आपलं काम कानाशी," असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. १९४२ साली मॅट्रिक होऊन, घरात कुणाला फारसं न विचारता ते इंडियन एअर फोर्समध्ये शिरले आणि वायरलेस मेकॅनिक झाले. विमानात बसून लढाईवर ते एकदाही गेले नाहीत. जे गेले त्यांच्या कानातलं आणि तोंडापुढचं यंत्र चालतं ठेवायचं, एवढंच त्यांचं युद्ध. दंडावर पंख्याचं चिन्ह असलेली त्यांची 'एलएसी' ही पदवी, म्हणजे लीडिंग एअरक्राफ्ट्समन, आम्हा मुलांना बरीच वर्षं एलआयसीचं कुणी भावंड वाटत होती.

ते भरती झाले तेव्हा हे हवाई दल जेमतेम दहा वर्षांचं होतं. ८ ऑक्टोबर १९३२ ला कागदावर जन्मलं, १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर चार वापिटी विमानं घेऊन पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. विमानांची देखभाल करणाऱ्या त्या पहिल्या हिंदी पोरांना 'हवाई सिपाही' म्हणत. अण्णांच्या वेळी हा शब्द मागे पडला होता, पण त्यांना तो फार आवडे. लग्नाच्या पंगतीत कुणी हुद्दा विचारला तर ते 'हवाई सिपाही' असंच सांगत, आणि समोरचा गोंधळला की खूश होत.

टोपीची कुळकथा सांगताना ते पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करत. त्यांना ती त्यांच्या इंग्रज सार्जंटने वर्गात सांगितली होती. सार्जंटने कुणाकडून ऐकली, देव जाणे. तेव्हाची विमानं उघडी, समोरून थेट तोंडावर वारा. पायलटने चामड्याची टोपी घालायची ती गारठ्यासाठी, आणि गॉगल लावायचा तो एरंडेलासाठी. हे एरंडेल ऐकलं की आम्ही सावरून बसत असू, कारण आजीच्या फडताळातली बाटली सगळ्यांना ठाऊक होती. त्या काळच्या काही इंजिनांत अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे. त्याला वंगण म्हणून एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे तेल एकदा आत गेलं की परत टाकीत यायचं नाही, जळकं होऊन बाहेर उडायचं आणि पायलटच्या तोंडावर बसायचं. गळ्यातला रेशमी रुमाल शोभेसाठी नसे, गॉगलची काच पुसायला असे. जे तेल नाकातोंडातून पोटात जाई, ते पोटात गेल्यावर एरंडेलाचंच काम करी. इथे अण्णा थांबत आणि आम्हाला हसू देत.

त्याच महायुद्धात पायलट असलेल्या हरदितसिंग मलिक यांचं नाव मी पुढे वाचलं. अशाच फिरत्या इंजिनाच्या सॉपविथ कॅमल विमानातून ते लढले, आणि पगडी उतरवायला त्यांनी साफ नकार दिला. मग पगडीवरून बसेल एवढी भलीमोठी टोपी त्यांच्यासाठी मुद्दाम करवून घेतली गेली. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. त्यांच्याच काळातले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर मात्र परत आले नाहीत. तेवीस नंबर स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन चालवत. त्या विमानाच्या वरच्या पंखाला मधोमध मोकळी चौकट असे आणि पायलटचं डोकं त्या चौकटीतून वर निघे, एखाद्याने कौलं बाजूला सारून छपरातून मान बाहेर काढावी तसं. चहूबाजूंचं दिसायचं उत्तम. उतरताना विमान उलटलं तर आधी जमिनीला लागणार तेही डोकंच. वेलिंकर १९१८ च्या जूनअखेरीस शत्रूच्या हद्दीत जखमी होऊन वारले. फ्रान्समधल्या हंगार्द गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. वेलिंकर हे आडनाव सांगितलं की मुंबईची माणसं शाळा-कॉलेजांची नावं घेतात. या वेलिंकरांची आठवण कुणाला असलेली मी पाहिली नाही.

त्यांच्या टोपीत कानाचं काही काम नव्हतं. युद्धाच्या शेवटाशेवटाला इंग्लंडात गॉस्पोर्टला एक बोलनळी निघाली. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपची मोठी बहीण. पुढचा मास्तर नळीत ओरडे आणि ते मागच्या विद्यार्थ्याच्या टोपीतल्या कानात येई. अण्णांच्या काळी जोधपूरला आणि हैदराबादेत बेगमपेठला टायगर मॉथ विमानांवर शिकणारी पोरं याच नळीतून शिव्या खात. नळीवर राज्य मास्तरचं, विद्यार्थ्याने उलट बोलायचं नाही. शिक्षणखात्याने या रचनेचा विचार करावा, असं आजोबा म्हणत. ते शिक्षक होते.

मग रेडिओ आला आणि टोपी खऱ्या अर्थाने कानटोपी झाली. ब्रिटिशांची 'बी' टोपी, तिच्या कानांच्या गाद्यांना चेन असे. चेन उघडायची, आत रिसीव्हर बसवायचा, चेन लावायची. १९४१ पासून 'सी' आली, तिच्यात रबरी कपच शिवलेले. उष्ण मुलखासाठी चामड्याऐवजी खाकी सुती कापडाची 'डी'. इंफाळला अण्णांच्या हाताखालून जास्त गेल्या त्या याच कापडी. त्या आठवड्यातून एकदा धुता येत. चामड्याच्या टोप्यांना पावसाळ्यात रात्रीतून हिरवी बुरशी धरे.

१९४४ साली अण्णा इंफाळला हरिकेन विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये होते. त्या वर्षी मार्चपासून जूनपर्यंत जपान्यांनी इंफाळला वेढा घातला होता. अर्जनसिंग यांच्या हाताखालची एक नंबर स्क्वाड्रनही तेव्हा तिथेच होती. माउंटबॅटन यांनी तिथे येऊन अर्जनसिंगांच्या छातीवर डीएफसी पदक लावलं. हरिकेनचं काम टेहळणीचं. जोडीने जायचं, जंगलाच्या शेंड्यांना घासत, एकाने खाली बघायचं आणि दुसऱ्याने त्याची पाठ राखायची. पाठ राखणाऱ्याला काही दिसलं तर त्याने ओरडायचं आणि पुढच्याने ते ऐकायचं, तेही ताबडतोब. दोन माणसांचा जीव एका वायरीवर, आणि त्या वायरीचं टोक अण्णांच्या बाकावर.

आता इथे मुखवट्याची गोष्ट येते. ऑक्सिजनचा मुखवटा उंचावर लागतो, साधारण दहा हजार फुटांच्या वर. हरिकेनवाले तर झाडांच्या शेंड्यावरून जात. मग हे लोक उकाड्यात घामाने निथळत तोंडाला रबर बांधून का बसत? लहानपणी मी हा प्रश्न विचारला तेव्हा अण्णा इतके प्रसन्न झाले की त्यांनी मला चार आणे दिले. उत्तर असं, की ब्रिटिश मुखवट्यातच मायक्रोफोन बसवलेला असे. श्वास हवा असो नसो, बोलायचं असेल तर मुखवटा तोंडावर हवा. अमेरिकनांनी गळ्याला बांधायचा मायक्रोफोन काढला, आमचे साहेब मात्र तोंडाला टोपलं बांधून बसले, असं अण्णांचं मत. माझंही तेच मत आहे.

त्यामुळे अण्णांना स्क्वाड्रनमधली माणसं वासावरून ओळखू येत. हा सिगारेटवाला, हा लवंग चघळणारा, हा सकाळी दात न घासता उडणारा. मुखवटे परत आले की ते स्पिरिटने पुसायचे, घामाची ओल काढायची, मायक्रोफोन उघडून वाळवायचा. ओल शिरली की आवाज बसे. एकदा एक तरुण पायलट उतरला तो तणतणतच बाकाशी आला. मायक्रोफोन मुका झाला, जोडीदाराला काही सांगता आलं नाही, कुणाचं काम हे? अण्णांनी मुखवटा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "साहेब, बटण." मायक्रोफोनच्या तोंडावर छोटं बटण असे, ते चालू करायचं राहिलं होतं. साहेब गप्प झाला, आणि संध्याकाळी सिगारेटचं पाकीट घेऊन परत आला. सिगारेट न ओढणाऱ्या अण्णांनी ते पाकीट युद्ध संपेपर्यंत जपलं.

पावसाळ्यात वीज गेली की अण्णा फुग्याची गोष्ट सांगत. तीन माणसं फुग्यातून आकाशात गेली, हाताशी प्राणवायूच्या पिशव्या टांगलेल्या. फुगा खाली आला तेव्हा दोघे मेलेले, आणि पिशव्या तशाच. कंदिलाच्या उजेडात ही आम्हाला भुताची गोष्ट वाटे. ती शब्दशः खरी निघाली. १५ एप्रिल १८७५ ला फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाचा फुगा साडेआठ हजार मीटरच्याही वर गेला. क्रोचे-स्पिनेली आणि सिवेल हे दोघे गेले. तिसरा तिसांदिए वाचला तो बहिरा होऊन. पॉल बेर या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून प्राणवायू बरोबर घेतलेला होता. तो घ्यायची वेळ आली तोवर हात उचलायची ताकदच उरली नव्हती. आणि यातली वाईट गोष्ट ही, की त्यांना कसलाच त्रास जाणवत नव्हता. प्राणवायू कमी पडला की माणूस आधी घाबरत नाही, खुशीत येतो. सगळं छान चाललंय असं वाटतं, नखं निळी पडतात आणि ती निळाई पाहूनही काही वाटत नाही. आमच्या घरात यावरून एक वाक्प्रचारच तयार झाला. कुणी विनाकारण फार हसू लागलं की अण्णा विचारत, "काय रे, ऑक्सिजन कमी पडला का?"

या खुशीवर उपाय शोधता शोधता मुखवटा घडत गेला. युद्धाच्या सुरुवातीचा ब्रिटिश 'डी' मुखवटा हिरव्या लोकरी कापडाचा, आतून मऊ कातडं लावलेला. त्यात ऑक्सिजन अखंड वाहत राही, श्वास सोडतानाचा सगळा फुकट. १९४१ च्या सुमारास रबरी 'ई' आला आणि त्याच्याबरोबर इकॉनॉमायझर. श्वास सोडत असताना येणारा वायू तो साठवून ठेवी आणि श्वास घेताना देई. नाव परदेशी असलं तरी हा खास आमच्या आजीचा स्वभाव. त्याच बाटल्या जास्त वेळ पुरू लागल्या.

मुखवट्याविना भागवावं लागलं तेही अण्णांना ठाऊक होतं. १९४६ ला सुटून येऊन त्यांनी पुण्यात सदाशिव पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, पण हवाई दलाची खबर ते ठेवून असत. २४ मे १९४८ ला हवाई दलाचे मेहरसिंग यांनी डकोटा विमान पहिल्यांदा लेहला उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या. लेह आहेच अकरा हजार फुटांच्या आसपास, आणि वाटेतली शिखरं त्याच्या कितीतरी वर. विमानाच्या आत हवेचा दाब राखायची सोय नव्हती. ही हकिगत सांगताना अण्णा कधी विनोद करत नसत.

गॉगलबद्दल ते फारसं बोलत नसत. काच हे त्यांचं खातं नव्हतं. चित्रांत पायलटचा गॉगल नेहमी कपाळावर असतो, आणि बऱ्याच अंशी खरंही तसंच होतं. बंद कॉकपिटमध्ये वारा लागत नाही, आणि काचेवरचा धुळीचा एक कण लांबच्या शत्रूच्या विमानासारखा दिसतो. म्हणून वर सारायचा. पण हरिकेनची एक पेट्रोलची टाकी पायलटच्या पुढ्यातच होती, आणि ती पेटली की चेहऱ्याचा जो भाग उघडा तो जाई. अशा भाजलेल्या पोरांवर इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी नव्या पापण्या, नवी नाकं घडवली. त्या रोग्यांनी १९४१ मध्ये आपली एक संघटना काढली आणि तिचं नाव ठेवलं गिनीपिग क्लब.

न लावलेल्या गॉगलची आणखी एक हकिगत आहे, ती मात्र मी अण्णांना सांगितली. १५ ऑगस्ट १९४० ला गॉर्डन क्लीव्हर हा हरिकेनचा पायलट घाईत गॉगल विसरून उडाला. त्याच्या डोक्यावरचं पर्स्पेक्सचं छत गोळ्यांनी फुटलं आणि तुकडे डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. दुसऱ्यात बारीक कण राहून गेले, आणि वर्षं गेली तरी डोळा त्यांच्यावर चिडला नाही. हॅरॉल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाने यावरून ताडलं, की हे प्लास्टिक डोळ्याला चालतं. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्याने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पर्स्पेक्सचं भिंग बसवलं. जगातलं पहिलं. पुढची कित्येक वर्षं त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला वेड्यात काढलं.

१९९४ मध्ये अण्णांच्या उजव्या डोळ्यात असंच भिंग बसलं. पट्टी सुटल्यावर मी त्यांना क्लीव्हरची गोष्ट सांगितली. हरिकेनची छतं त्यांनी मऊ फडक्याने किती वेळा पुसली असतील याचा हिशेब नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कानटोपी आण रे."

टोपी त्यांनी नव्या डोळ्यासमोर धरली, आतला मुकुट आणि 'ए.एम.' हा शिक्का वाचला, कपावरून अंगठा फिरवला. घरात सगळे समजून होते की ही टोपी इंफाळची, एका पायलटची, तो परत आला नाही आणि अण्णांनी त्याची आठवण म्हणून आणली. ही समजूत अण्णांनी कधी घातली नव्हती, कधी काढलीही नव्हती. मी आजवर न विचारलेला प्रश्न विचारला, ही त्याचीच ना?

"छे. ही जुन्या बाजारातली. सत्तेचाळीस साली डिस्पोजलच्या ढिगातून घेतली, साडेतीन रुपयांना."

लढाई संपल्यावर लष्कराचा माल असा ढिगांनी बाजारात आला होता. पॅराशूटचं कापड, वायरलेसचे संच, बूट, टोप्या. फटफटीवाल्यांनी त्या टोप्या आणि गॉगल उचलले. अण्णांकडे फटफटी नव्हती.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, तेवढंच एकदा. इंफाळच्या जोडीतला एक जण परत आला. तो म्हणाला, मी ओरडलो, त्याने वळणच घेतलं नाही, त्याला ऐकू आलं नसावं. परत न आलेल्याची टोपी आदल्या संध्याकाळी अण्णांच्या बाकावर होती. उजव्या कानाचा जोड त्यांनी नव्याने डाखला होता. जोड सुटला, की त्याने ऐकलं आणि उशीर झाला, की आधीच गोळी लागली होती, हे कळायला विमानही सापडलं नाही आणि टोपीही. चौकशी कुणी केली नाही, कुणी त्यांना बोल लावला नाही. "त्याची मिळाली नाही, म्हणून ही आणली," ते म्हणाले, आणि टोपी परत माझ्याकडे दिली.

या टोपीत कपाळाच्या पट्ट्यामागे शाईने लिहिलेलं कुणाचं तरी नाव होतं. पायलट असं नाव लिहीत, म्हणजे अदलाबदल होत नसे. मी सातवीत असताना एका खंडेनवमीला मी ती टोपी चमकवायची म्हणून आतून-बाहेरून खोबरेल चोळलं. चामडं चमकलं, शाई पसरली आणि नाव गेलं. तेव्हा अण्णा फक्त "असू दे" म्हणाले. ती कुणाच्या डोक्यावरची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा एवढंच. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी एखादी टोपी, मुखवटा किंवा गॉगल निघाला तर त्याला तेल लावू नका, डांबरगोळ्यांत ठेवू नका, कडक झालेलं रबर वाकवून पाहू नका. आधी उजेडात नेऊन आतली बाजू वाचा, आणि जे नाव दिसेल ते कागदावर उतरवून ठेवा.